केमोत नखं काळी पडून सुटताहेत. काढून टाकावीत का?

प्रश्न : आईला स्तनाच्या कर्करोगासाठी डोसिटॅक्सेलचे तीन डोस झाले. हाताची नखं काळपट होऊन टोकाकडून सुटताहेत. शेजारच्या काकू म्हणतात, सुटलेली नखं काढून टाका आणि वरून मेंदी लावा. करू का? — एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : दोन्ही नको. सुटलेलं नखसुद्धा खालच्या नाजूक त्वचेचं झाकण असतं. ते ओढलं तर रक्त येतं, जखम उघडी पडते. जेवढा भाग मोकळा झालाय तेवढाच सरळ कापा आणि कड घासून घ्या, म्हणजे कपड्यात अडकणार नाही. मुळाशी असलेली कातडी मागे ढकलू नका. नखुरडं तिथूनच सुरू होतं. नेलकटर आईंचं वेगळं ठेवा. मेंदीखाली रंगातला बदल किंवा पू दिसत नाही, शिवाय काळ्या कोनमधल्या रसायनाची ॲलर्जी होऊ शकते.

खरा त्रास ओलाव्याचा. सुटलेल्या नखाखाली पाणी राहिलं की बुरशी आणि जंतू वाढतात. त्यामुळे भांडी घासणं आणि कूलर धुणं सध्या दुसऱ्या कुणाकडे द्या. अगदीच करायचं झालं तर आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालावेत. नागपूरच्या मे महिन्यात त्यांत घाम साचतो, म्हणून काम संपताच काढून हात कोरडे करावेत. संत्रं नखाने सोलणंही बंद. सुरीने चिरून द्या. रात्री व्हॅसलीन नखाच्या कडेच्या कातडीला लावा, सुटलेल्या नखाखाली नाही.

पुढच्या डोसच्या वेळी थंड हातमोजे मिळतील का, हे डे-केअरमधल्या सिस्टरला आधीच विचारा. सलाईन सुरू होण्याच्या साधारण 15 मिनिटं आधीपासून ते संपल्यावर 15 मिनिटांपर्यंत ते घालतात. थंडीने बोटांतला रक्तपुरवठा आकसतो आणि औषध नखांपर्यंत कमी पोहोचतं. घरचा बर्फ थेट त्वचेवर ठेवू नका. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध चालू असलेल्या रुग्णांनी मात्र हा उपाय टाळावा, त्यांना थंडीनेच मुंग्या येतात.

पू, दुर्गंधी, ठणका किंवा 100.4 अंश फॅरनहाइट ताप असेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा. न विचारता पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना साधं नखुरडंही अंगाशी येतं.

आडव्या रेघा उमटल्या तर घाबरू नका. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिमी वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सुमारे 6 महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला 12 ते 18, तोवर पुढून रुंद चप्पल वापरावी.