केळीच्या खांबाचा कोळसा आणि मुलीची पीएचडी

रावेर तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आहे. मुलगी जळगावला एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्प केळीच्या खांबापासून नायट्रोजनयुक्त कार्बन बनवण्याचा. तो फ्युएल सेलमध्ये, म्हणजे इंधनातून थेट वीज करणाऱ्या साधनात, प्लॅटिनमऐवजी चालतो म्हणे. यातच पीएचडी करायची म्हणते. ‘घड कापल्यावर आम्ही बांधावर फेकतो त्या खांबाचा कोळसा करून नोकरी लागते का?’

भाऊ, नमस्कार. फ्युएल सेल आणि झिंक-एअर बॅटरीत ऑक्सिजनचं क्षपण, म्हणजे त्याने इलेक्ट्रॉन घेणं, ही सगळ्यात रेंगाळणारी पायरी, म्हणून तिथे उत्प्रेरक म्हणून महागडं प्लॅटिनम लागतं. नायट्रोजन घातलेल्या कार्बन नॅनोट्यूब अल्कलीत हे काम चांगलं करतात, असं २००९ मध्ये दिसलं आणि झुंबड उडाली. आता करवंटीपासून खांबापर्यंत कशाचाही कार्बन करून झालाय. कच्चा माल नवा आहे एवढ्यावर कोणी उभं करत नाही. मोजमाप पक्कं असलेल्या मुलीला मात्र मागणी आहे.

खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच, त्यामुळे दहा किलोतून किलोभरही सुकं निघत नाही. त्यात युरिया मिसळून नळीच्या भट्टीत (ट्यूब फर्नेस) आरगॉन या निष्क्रिय वायूखाली ८००-९०० अंशांवर भाजतात. कमी तापवलं तर कार्बन वीज नीट वाहत नाही, जास्त तापवलं तर घातलेला नायट्रोजनच उडून जातो. पुढची आम्लाची धुणी कंटाळवाणी, पण मेख तिथेच. मातीतलं, कोयत्याचं, मिक्सरच्या पात्याचं लोखंड लेशमात्र उरलं तरी नायट्रोजनशी जोडी जमवून तेच काम करतं आणि नाव ‘धातुविरहित’ कार्बनचं होतं. म्हणून वाटायला अगेट या कठीण दगडाचा खल, आणि लेशमात्र धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर लोखंड-मँगनीजची तपासणी. मोजणीत समोर लावायचा दुसरा, म्हणजे काउंटर इलेक्ट्रोडही ग्राफाइटचा हवा. प्लॅटिनमचा लावला तर तेच थोडं विरघळून नमुन्यावर बसतं आणि आकडे फुगतात.

हाताची सफाईही लागते. ५ मिलिग्रॅम पूड १ मिलिलिटर शाईत कालवून त्यातला १० मायक्रोलिटरचा थेंब इलेक्ट्रोडच्या ५ मिलिमीटर व्यासाच्या फिरत्या चकतीवर सोडला, की दर चौरस सेंटिमीटरला पाव मिलिग्रॅम माल बसतो. थेंब वाळताना चहाच्या डागासारखं कडेला कडं पडलं, तर मिनिटाला १६०० फेऱ्यांवरही प्रवाह सपाटीला येत नाही. मग मुलं उत्प्रेरकालाच दोष देतात.

तेव्हा मुलीला गाइडकडे एवढंच विचारायला सांगा: रिंग-डिस्क इलेक्ट्रोड (चकतीभोवती कडं असलेला) आहे का, आणि एक्सपीएस (पृष्ठभागावरची मूलद्रव्यं दाखवणारी चाचणी), आयसीपीला नमुने बाहेर पाठवायला पैसे आहेत का? रिंग नसेल तर ऑक्सिजनचं पाणी होतंय की अर्ध्यावर पेरॉक्साइड, हे थेट दिसत नाही. दोन्ही उत्तरं नकारार्थी आली तर हा प्रकल्प एम.एस्सी.पुरता ठेवावा आणि पीएचडीसाठी पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा तमिळनाडूतल्या कराईकुडीचं सीईसीआरआय (केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था) बघावं. नेट-जेआरएफ ही संशोधन फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा निघाली तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप मिळते, शिवाय घरभाडं.

ग्रीन हायड्रोजनच्या जाहिराती पाहून हुरळू नका. पाणी फोडणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमध्ये ऑक्सिजनची उलटी अभिक्रिया चालते, म्हणजे तो विषय वेगळा. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा हात मात्र तिथेही आणि बॅटरीच्या टेस्टिंगमध्येही कामाला येतो. जळगावच्या डाळ मिलला नि पाइपच्या कारखान्यांना या कामाचा उपयोग नाही. मुलीला बाहेरगावी राहावं लागेल, ते घरात आत्ताच बोलून घ्या.