माना नव्हे, माणा

बद्रीनाथच्या पुढच्या त्या सरहद्दीवरच्या गावाचं नाव 'माना' की 'माणा', आणि त्याचा अर्थ काय, असा प्रश्न आहे.

माणा. हिंदीत ण आहे, गढवालीत आहे, मराठीत तर आहेच. तरी आमची वर्तमानपत्रं रोमन पाटी वाचून 'माना' छापतात. वर 'सरहद्दीवरचा मान म्हणून माना' अशी व्युत्पत्तीही कानावर येते. कपाळ!

व्यासगुंफा, गणेशगुंफा, सरस्वतीवरचा भीमपूल हे यात्रेकरूंना पाठ असतं, ते सोडतो. खरी गंमत गावाच्या जुन्या नावात आहे. परंपरा सांगते, मणिभद्रपुरी. मणिभद्र हा यक्ष, कुबेराच्या परिवारातला. मग 'म'चा 'मा' कसा झाला, असं हटकून विचारतात. अहो, जैन परंपरेत या यक्षाचं नावच 'माणिभद्र' आहे! गुजरातेत माणिभद्र वीराची देवळं आहेत, जाऊन पाटी वाचा.

आणि हा यक्ष कोणाचा? वाटसरू-व्यापाऱ्यांचा. महाभारतातल्या नलोपाख्यानात दमयंतीला भेटलेल्या तांड्याचा नायक याच मणिभद्राची कृपा मागतो. आता माणा पाहा. साधारण 3,200 मीटरवरचं हे मार्छा भोटिया या सीमेवरच्या जमातीचं गाव साडेपाच हजार मीटरहून उंच माणा खिंडीच्या वाटेवर बसलंय. धान्य-गूळ वर जायचा, तिबेटातून मीठ, लोकर, टाकणखार खाली यायचा. 1624 साली आंद्राद हा पोर्तुगीज जेझुइट याच वाटेनं पश्चिम तिबेटातल्या छपरंगला पोचला. 1962च्या युद्धाबरोबर व्यापार आटोपला. तांड्यांच्या गावाला तांड्यांच्या यक्षाचं नाव असावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

काही पंडित म्हणतात, नाव मुळात तिबेटी आणि मणिभद्रपुरी हे मागाहून चढवलेलं संस्कृत बाशिंग आहे. असेलही, पण मूळ तिबेटी शब्द कोणता, ते मग सांगा ना! 'स्थानिक बोलीतला असावा' हे उत्तर नव्हे, पळवाट आहे. गावाची राखण आजही घंटाकर्ण करतो, आणि त्यालाही काही जण यक्षच मानतात. यक्षांचा शेजार आहे तो.

भारताचं 'शेवटचं गाव' म्हणावं की 'पहिलं', हा वाद पाट्या रंगवणाऱ्यांनी 2022नंतर मिटवलाय, सध्या पहिलं. मात्र तिथल्या लोकांना 'भूतिया' लिहिणं थांबवा. शब्द भोटिया आहे. भोट म्हणजे तिबेट, तिबेटी 'बोद'वरून आलेला. भुतांचा तिथे काही संबंध नाही.