पहिली चाचणी घेण्याआधी

अगं, मिसिक ही मुलांची बुद्धी मोजायची चाचणी आपल्या नागपूरचीच. डॉ. मालिन यांनी वेक्सलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी १९६९ मध्ये केलेली. तिचे निकष त्या काळचे आहेत, म्हणून बुद्ध्यांक जपूनच वाच.

मे महिन्यात कूलरच्या घरघरीत अंकस्मरण, म्हणजे ऐकलेले आकडे परत म्हणायला लावणं, घेऊ नकोस बाई! मी घेतलं होतं. पोरगं दर आकड्याला "काय?" विचारायचं आणि मी त्याची स्मरणशक्ती कमी धरली. अजून वाईट वाटतं.

ठोकळ्यांनी नक्षी जुळवायच्या वेळी घड्याळ लावच, पण मुलाचे हातही बघ: चुकलेलं स्वतः मोडतो, की तसंच सोडून तुझ्या तोंडाकडे पाहतो? ते लिहून ठेव. झोप, जेवण, चष्मा आधी विचार. आणि आईवडिलांच्या हाती नुसता आकडा देऊन त्यांना घरी पाठवू नकोस.