सप्तरंगीवर काम सुरू करण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रबंधाचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, सावकाश वाचला. सप्तरंगी या औषधी वनस्पतीच्या मुळांचा मिथेनॉल अर्क काढायचा, स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या विस्टार रॅट्सना, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांना, तो किलोमागे ४०० मिलिग्रॅम पाजायचा, उपाशीपोटीची साखर मोजायची आणि ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळीशी तुलना करायची. तुझे गाईड याला हो म्हणतील, एथिक्स कमिटीही हो म्हणेल, पेपरही कुठेतरी छापून येईल. तरी मी तुला थोडं थांब म्हणते आहे.

साखर उतरवणाऱ्या वनस्पतींना आपल्याकडे तोटा नाही. कारलं, मेथी, जांभळाच्या बिया, गुडमार, बिबळा, दारुहळद, प्रत्येकावर ढिगाने पेपर आहेत. उंदराची साखर उतरली, हा निष्कर्ष त्या सगळ्यांत सापडतो. कशाच्या तुलनेत उतरली आणि कोणत्या वाटेने उतरली, हे शोधायला गेलीस तर बहुतेक ठिकाणी हाती काही लागत नाही. तुझ्या कामात ते सापडावं, एवढीच माझी इच्छा आहे.

आधी वनस्पती. बाजारात सप्तरंगी या नावाने निदान दोन वेगळ्या वनस्पतींची मुळं विकली जातात: एक सॅलॅसिया, दुसरी कॅसिएरिया. कुळं वेगळी, रसायनं वेगळी. वाळलेल्या मुळाच्या तुकड्यांवरून भल्याभल्यांची फसगत होते, तेव्हा काष्ठौषधीच्या दुकानातून माल उचलू नकोस. स्वतः कोकणात जा आणि वेल पाहा. सॅलॅसियाची पानं समोरासमोर असतात, कॅसिएरियाची एकाआड एक. फुलाफळासकट फांदी घे, हर्बेरियम शीट (वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना) कर आणि पुण्यात आघारकर संस्थेत किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात ओळख पक्की करून घे. व्हाउचर नंबर, म्हणजे नमुन्याचा नोंदणी क्रमांक, हातात आल्याशिवाय ग्राइंडरला हात लावू नकोस.

आता मुख्य मुद्द्यावर येते. सॅलॅसियात काय आहे, हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. श्रीलंकेत या वेलीच्या लाकडाचे पेले करून त्यात ठेवलेलं पाणी मधुमेहावर पितात. जपानमध्ये योशिकावा यांच्या गटाने १९९७ मध्ये त्यातून सॅलॅसिनॉल वेगळं केलं. हा रेणू आतड्यातल्या अल्फा-ग्लुकोसिडेज एन्झाइमला अडवतो. त्यामुळे पिष्ट आणि साखर यांचं ग्लुकोजमध्ये रूपांतर मंदावतं आणि जेवणानंतरची उसळी कमी होते. मधुमेहावरची अकार्बोजची गोळी हेच करते.

मग तुझा आराखडा पुन्हा बघ. जे औषध जेवणाच्या वेळी आतड्यात काम करतं, त्याची परीक्षा तू उपाशीपोटीच्या साखरेवर घेते आहेस. ती साखर मुख्यतः यकृतातून येते. तुलनेला घेतलेलं ग्लिबेनक्लामाइड स्वादुपिंडाच्या बीटा पेशींकडून इन्सुलिन सोडवतं आणि स्ट्रेप्टोझोटोसिनने त्याच पेशी मारलेल्या असतात. जास्त डोस दिलास तर ग्लिबेनक्लामाइडला काम करायला पेशीच उरत नाहीत; कमी दिलास तर काही उंदीर आपले आपण सुधारतात. मेथी असो वा कारलं, हा सांगाडा जसाच्या तसा एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत आला आहे. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यात जनावरांचे जीव जातात आणि कळत काहीच नाही.

मी तुझ्या जागी असते तर सुरुवात अशी केली असती. निरोगी उंदीर रात्रभर उपाशी ठेवायचे, अर्क पाजायचा आणि लगेच एका गटाला खायच्या साखरेचं द्रावण द्यायचं, दुसऱ्याला माल्टोजचं, तिसऱ्याला थेट ग्लुकोजचं, जे फोडावं लागत नाही. प्रत्येक गटाला अर्काऐवजी नुसतं पाणी पाजून तेच द्रावण दिलेली जोडी हवी. मग पुढचे दोन तास ठरलेल्या वेळी रक्तातली साखर मोजायची. साखर आणि माल्टोजच्या गटात आलेख खाली बसला आणि ग्लुकोजच्या गटात जोडीइतकाच वर गेला, तर अर्क आतड्यातल्या एन्झाइमवर चालतो असं तू ठामपणे म्हणू शकशील. ग्लुकोजच्या गटातही खाली आला, तर आणखी काहीतरी घडतं आहे आणि ते शोधायला हवं. त्या एका गटामुळे तुझ्या प्रयोगाला अर्थ येतो. पेपरमध्ये तो बऱ्याचदा नसतो.

एन्झाइमची चाचणी करशील तेव्हाही जपून. यीस्टचं अल्फा-ग्लुकोसिडेज स्वस्त मिळतं, म्हणून सगळे तेच मागवतात. पण अकार्बोज सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या एन्झाइमवर जोरात चालतं, यीस्टच्या एन्झाइमवर अगदी क्षीण. त्यामुळे यीस्टवर तपासलं की साधा पालाही औषधापेक्षा सरस दिसतो आणि लोक तसं छापतात. उंदराच्या आतड्याची पावडर विकत मिळते, ती वापर. शिवाय मुळात टॅनिन असेल तर ते कुठल्याही प्रथिनाला चिकटून त्याचं काम बंद पाडतं. टॅनिन काढून टाकून चाचणी पुन्हा कर. परिणाम निम्म्यावर आला तरी तोच आकडा लिही.

मिथेनॉल का, हेही मला समजलं नाही. लोक पाण्यात भिजवून किंवा काढा करून पितात आणि सॅलॅसिनॉल पाण्यात चांगलं विरघळतं. पाण्याचा अर्क घे आणि प्रत्येक बॅचमध्ये सॅलॅसिनॉल किती उतरलं ते मोजून ठेव.

डोसचं गणित कागदावर मांडून बघ. रॅटचा डोस माणसाच्या मापात आणायला ६.२ ने भागतात. किलोमागे ४०० मिलिग्रॅमचे झाले सुमारे ६५. साठ किलोच्या माणसाला रोज जवळपास ४ ग्रॅम कोरडा अर्क. शंभर ग्रॅम मुळातून दहा ग्रॅम अर्क निघतो असं धरलं, तर रोज ४० ग्रॅम मूळ आणि महिन्याला सव्वा किलो, एका माणसाला. मूळ खणलं की वेल गेली. देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीचा २०२३ चा अंदाज आहे. म्हणून खोड आणि पानंही मुळासोबत तपास. पानात निम्मं जरी सापडलं, तरी सह्याद्रीच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट ठरेल.

वनस्पतीपासून औषधापर्यंतचा रस्ता लांब असतो, पण तो आहे. युरोपातल्या गॅलेगा या झुडपातलं गॅलेजीन साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच्या नात्यातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनला वर्नर आणि बेल यांनी बनवलं आणि ते तसंच पडून राहिलं. पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष छापले ते १९५७ मध्ये. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतलं, साखर उतरवणारं फ्लोरिझिन १८३५ पासून माहीत होतं. ते पोटातून नीट शोषलं जात नव्हतं आणि आतड्यातही लुडबूड करत होतं. हे दोष ओळखून रेणू बदलत गेले, तेव्हा आजची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधं मिळाली. दोन्हीकडे वनस्पतीचं काय चुकतं, हे कुणीतरी काटेकोरपणे लिहून ठेवलं होतं. तुझ्या प्रबंधात तो भाग असू दे.

आपल्याकडचं एक उदाहरण देते. विजयसार, म्हणजे बिबळ्यावर आयसीएमआरच्या केंद्रांनी केलेली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. नुकतंच निदान झालेले ९७ रुग्ण होते, त्यांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. मला त्या कामाबद्दल आदर आहे, पण शेजारी औषध न घेणारा दुसरा गट नव्हता. नवं निदान झालं की माणूस धास्तावून पथ्य पाळतो, चालायला लागतो. ६७ पैकी किती जण तेवढ्यानेच सुधारले असते, ते त्या आकड्यातून निघत नाही.

आणि रुग्णाचा विचार पहिल्या दिवसापासून कर. तुझा पेपर कुणीतरी व्हॉट्सअॅपवर फिरवेल आणि एखादी आजी गोळ्यांसोबत काढा सुरू करेल. अकार्बोज घेणाऱ्याची साखर दुसऱ्या गोळीमुळे एकदम उतरली, तर त्याला साधी साखर देऊन लवकर उपयोग होत नाही, कारण ती फोडणारं एन्झाइमच अडलेलं असतं. ग्लुकोज पावडर द्यावी लागते. तुझ्या अर्काचं कामही तसंच निघालं, तर ही सूचना पेपरच्या सारांशातच यायला हवी. गोळ्या बंद करू नका, हेही तिथेच.

उन्हाळ्यात सिंधुदुर्गात जाशील तेव्हा वेल तर बघच, पण तिथल्या वैदूंपाशीही बस. गावच्या जैवविविधता समितीला आधी कळव आणि रीतसर परवानगी घे. मूळ किती घेतात, पाणी किती, उकळतात की रात्रभर भिजवतात, जेवणाआधी देतात की नंतर, कुणाला देत नाहीत, हे सगळं विचारून त्यांच्याच शब्दांत वहीत उतरव. ती वही घेऊन माझ्याकडे ये, मग डोस ठरवू. स्ट्रेप्टोझोटोसिनची ऑर्डर तोवर थांबव.

तुझी,
मॅडम