'लेटन्सी'ला दिरंगाई म्हणू नका

आर्णी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या सरांचा प्रश्न आहे. शाळेत व्हीआर चष्मा (डोळ्यांपुढे आभासी दृश्य उभं करणारा) आलाय आणि त्याचं सूचनापत्रक ते मराठीत लिहीत आहेत. 'वायफायची लेटन्सी कमी करण्यासाठी' याऐवजी 'वायफायची दिरंगाई कमी करण्यासाठी' लिहिलं तर चालेल का? की विलंब म्हणावं? की 'लेट' सगळ्यांना समजतं, तर लेटन्सीच राहू द्यावं?

सर, शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो. 'लेट' आणि 'लेटन्सी' दिसायला बहिणी वाटतात, पण त्यांची घराणी वेगळी. लेट हा जुन्या इंग्रजीतला, मूळ अर्थ संथ. लेटन्सी लॅटिनमधून आला, त्या धातूचा अर्थ लपून असणे. दहावीच्या विज्ञानात तुम्ही जो 'अप्रकट उष्मा' शिकवता, त्यातलं 'अप्रकट' याच शब्दासाठी आहे. पत्रकात नुसतं 'लेटन्सी' लिहिलं, तर वाचणारा 'गाडी लेट आहे' हाच अर्थ घेणार. आणि तो इथे चुकतो.

आपली शकुंतला रेल्वे आठवा. यवतमाळहून वेळेवर सुटली आणि मूर्तिजापूरला वेळेवर पोचली, तर उशीर शून्य. तरी प्रवासात तासन्‌तास जायचेच. लेटन्सी म्हणजे ते तास. उशीर ठरलेल्या वेळेशी ताडून मोजतात. लेटन्सीला वेळापत्रक लागत नाही, ती कायम असतेच. नागपूर ते मुंबई रस्त्याने साधारण ८०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. तेवढ्याच लांबीची फायबर धरली, तरी जाऊन यायला ८ मिलिसेकंद गेलेच. यात कोणी आळस केलेला नाही.

म्हणूनच 'दिरंगाई' नको. फारसीत 'दिरंग' म्हणजे नुसता उशीर, पण मराठीत आल्यावर त्याला माणसाचा दोष चिकटला. दिरंगाई बाबू करतो, ठेकेदार करतो, पीकविम्याच्या कागदावर होते. वायफायच्या लहरी दिरंगाई करत नाहीत.

'विलंब' मात्र चालेल, आणि माझं मत त्यालाच आहे. 'लम्ब्' म्हणजे लटकणे. लंबक, अवलंबून हे त्याच घरातले. शब्दात अजून तटस्थपणा शिल्लक आहे: विलंबित लयीत गाणाऱ्याला आपण उशिरा गातो म्हणत नाही.

आता एक शब्द मला मनापासून सुचवायचाय: खोळंबा. नाल्याला पूर आला की एसटीचा खोळंबा होतो. गाडी धड असते, ड्रायव्हर तयार असतो, वाट मोकळी नसते. वायफायमध्ये नेमकं हेच घडतं. हवा सगळ्यांची सामाईक. एका चॅनलवर एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकून थांबायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांनाही पुन्हा बोलावं लागतं. त्यात कोणी मोठा व्हिडिओ उतरवायला लावला, की राउटरच्या रांगेत चष्म्याची पाकिटं, म्हणजे चित्राच्या माहितीचे छोटे तुकडे, अडकून पडतात. सगळा मिळून विलंब, आणि त्यातला रांगेत गेलेला भाग खोळंबा, असा भेद ठेवला तर कोणता भाग आपल्या हातात आहे हे शब्दातूनच कळेल. अंतर तुम्ही घटवू शकत नाही, खोळंबा घटवू शकता.

त्याची गरज किती, हे दारव्ह्याकडच्या एका शाळेत मी पाहिलं. चित्र कॉम्प्युटरवर तयार होऊन वायफायनं चष्म्यात येत होतं. सहावीतल्या मुलीनं मान वळवली, लगेच चष्मा काढून बाकाला धरलं आणि म्हणाली, "डोकं फिरवलं का घर मांगून येते जी." कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला मान वळल्याचं कळलेलं, डोळ्यांपुढचं चित्र मात्र जुनंच, मग मळमळतं. मान हलण्यापासून चित्र हलण्यापर्यंत २० मिलिसेकंदांच्या आत काम व्हावं, असं सर्वसाधारणपणे धरतात. कॉम्प्युटर राउटरला केबलनं जोडला, चष्मा वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर घेतला, राउटर त्याच खोलीत आणला, बाकीचे मोबाइल वायफायवरून काढले. मुलीनं पुन्हा चष्मा घातला आणि या वेळी काढेचना.

तिचं 'मांगून येते' मला कोणत्याही पारिभाषिक शब्दाहून नेमकं वाटतं. आपल्याकडचं 'येऊन राह्यलं'ही तसंच: चित्र निघालंय, वाटेत आहे, अजून पोचलं नाही. तोंडी समजावताना हेच वापरा, प्रमाण मराठीसाठी अडू नका.

क्रियापदाकडेही लक्ष द्या. चष्मा स्वतः एक युक्ती करतो: नवं चित्र पोचलं नसेल तर हाताशी असलेलं चित्रच मानेच्या ताज्या स्थितीनुसार सरकवून दाखवतो. त्यानं विलंब घटत नाही, झाकला जातो. तेव्हा राउटरच्या सूचनांत 'कमी करणे' आणि चष्म्याच्या या सोयीबद्दल 'झाकणे' लिहा.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'चित्र मागून येत असेल, तर वायफायवरचा खोळंबा कमी करा: राउटर याच खोलीत ठेवा, बाकीचे मोबाइल त्यावरून काढा. तरीही विलंब जाणवला, तर मुलाच्या डोळ्यांवरचा चष्मा लगेच उतरवा.'