घरी बिअर करताना बादलीचं झाकण उडालं. आता बाटल्या भरायची भीती वाटते. प्रेशर कसं सांभाळायचं?

पहिलीच खेप, दुसऱ्याच रात्री झाकण उडालं, भिंतभर फेस झाला आणि आता बाटल्या भरायला हात धजत नाही, असं तुम्ही लिहिलंय. झाकण उडाल्याचं फार मनावर घेऊ नका, ते जवळजवळ प्रत्येकाचं एकदा उडतंच. बाटल्यांची भीती मात्र अगदी रास्त आहे, ती तशीच राहू द्या.

मी मिनेसोटात राहते आणि तळघरात हा उद्योग करते. (अमेरिकेत 1978 च्या कायद्यानंतर दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलनपर्यंत बिअर स्वतःपुरती करता येते. महाराष्ट्रात बसून वाचत असाल तर तिथे दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय हा प्रयोग करू नका.)

माझं झाकण उडालं तेव्हा नाशिकहून आई-बाबा आले होते. गव्हाची बिअर लावली होती. साडेसहा गॅलनच्या बादलीत पाच गॅलन घालायचं असतं, म्हणजे वर फेसाला जागा राहते. मी हावरटपणा करून जवळजवळ सहा गॅलन भरलं. गव्हाच्या बिअरचं यीस्ट आधीच उतावळं, त्यात तळघरातला हीटर चालू. रात्री दोनला धाडकन आवाज झाला. बाबा खाली आले, छताकडे पाहिलं, मग एअरलॉक (झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी छोटी नळी) उचलून निरखला आणि म्हणाले, "शिट्टीत डाळ अडकली गं तुझ्या."

याहून नेमकं निदान मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. एअरलॉकच्या बारीक नळीत फेस, हॉप्सचा (कडवटपणासाठी घालायच्या फुलांचा) चोथा आणि यीस्ट जाऊन बसलं होतं. पाच गॅलन, म्हणजे साधारण 19 लिटर वर्ट (आंबवायचं गोड पाणी) 1.050 वरून 1.010 पर्यंत उतरताना (हे गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता; साखर संपते तसं ते उतरतं) जवळजवळ 400 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि त्यातला बराचसा पहिल्या दोन-तीन दिवसांत. वाट मोकळी असेल तर बादलीत प्रेशर नावालाही साठत नाही. म्हणून पहिले काही दिवस एअरलॉक लावूच नका. बोटभर जाडीची नळी लावा आणि तिचं दुसरं टोक सॅनिटायझरच्या बरणीत बुडवून ठेवा. नळी तुंबलेली दिसली तर आपला चेहरा बाजूला ठेवून, वर जाड टॉवेल टाकून बूच हळूहळू सैल करा. बादलीऐवजी काचेचा कार्बॉय (मोठी बाटली) असेल तर हे दुप्पट जपून. आणि बिअर फार थंड करायची असेल तर ती नळी त्याआधी काढा, नाहीतर आतली हवा आकसते आणि बरणीतलं पाणी उलटं बिअरमध्ये खेचलं जातं. हेही मी करून बसले आहे.

आता बाटल्या. एका जानेवारीत बुडबुडे थांबले म्हणून मी बिअर झाली असं धरलं आणि बाटल्या भरल्या. खरं तर तळघर गारठलं होतं आणि यीस्ट झोपलं होतं. रीडिंग 1.020 होतं, यायला हवं होतं 1.012. मी म्हटलं, असेल. बाटल्या वर स्वयंपाकघरात उबेला नेल्या आणि यीस्टला जाग आली. दहाव्या दिवशी एक फुटली, तिच्या काचेने शेजारची फुटली. घरात कुणी नव्हतं, एवढंच नशीब. फ्रिजच्या दारात काचेचा तुकडा रुतलेला होता.

हिशोब सोपा आहे. गुरुत्वाचा एक अंक, म्हणजे 0.001, बाटलीत उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस तयार होतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका गॅस). नेहमीच्या बिअरला अडीच व्हॉल्यूम लागतात, साध्या बाटलीला तीनच्या पुढे नेऊ नये. माझ्या बाटल्यांत आठ अंक शिल्लक होते, म्हणजे चार व्हॉल्यूम, आणि वर बिअरमध्ये आधीच विरघळलेला गॅस आणि मी घातलेली साखर मिळून अडीच. त्या इतके दिवस टिकल्या याचंच नवल.

तेव्हा बुडबुड्यांवर विसंबू नका. आपल्याकडे दुधातलं पाणी पकडायला लॅक्टोमीटर असतो ना, हायड्रोमीटर त्याचाच भाऊ. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. दोन्ही आकडे सारखे आणि अपेक्षेच्या जवळ आले तरच बाटल्या. आकडा वरच अडकला असेल तर बादली उबेला आणा, हलकेच हलवा आणि थांबा. शेवटी सुके हॉप्स घातले असतील तर अजून थोडे दिवस द्या, कारण हॉप्समधली एन्झाइम्स उरलेल्या साखरा फोडतात आणि संपलेलं काम पुन्हा सुरू होतं. साखर चमच्याने नाही, वजनाने घाला: 19 लिटरला 110 ते 120 ग्रॅम कॉर्न शुगर, पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये सारखी मिसळून. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या यासाठी घेऊ नका. भरलेल्या बाटल्या झाकण असलेल्या खोक्यात ठेवा.

प्रेशरखाली आंबवणं हा वेगळा प्रकार, त्यासाठी स्टीलचा केग (बंद पिंप) आणि स्पंडिंग व्हॉल्व्ह (ठरवलेल्या दाबाला उघडणारी झडप) लागतो. व्हॉल्व्ह 10-12 पीएसआयवर (हे दाबाचं एकक) लावला की जास्तीचा गॅस आपोआप बाहेर पडतो, फेस कमी येतो आणि बिअर तिथेच बऱ्यापैकी फसफसते. आपला कुकर साधारण 15 पीएसआयवर शिट्टी देतो, यावरून अंदाज घ्या. कुकरला शिट्टीशिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तसा केगलाही हवाच, कारण स्पंडिंग व्हॉल्व्हमध्येसुद्धा फेस जाऊन बसतो. पण हे तिसऱ्या-चौथ्या खेपेला बघा.

तुमची आत्ताची बिअर बहुधा ठीक असेल. झाकण उडालं तेव्हा आतून गॅस जोरात बाहेर येत होता, त्यामुळे बाहेरचं फारसं काही आत गेलं नसणार. झाकण सॅनिटाइझ करून परत लावा, जाड नळी जोडा आणि दोन आठवडे तिला हात लावू नका. मग रीडिंग घ्या आणि मला कळवा. 1.020 च्या आसपास असेल तर बाटल्या धुवायलासुद्धा घेऊ नका.