दोन डास हुबेहूब सारखे दिसत असतील तर ते वेगळ्या जातीचे आहेत हे कसं ठरवतात?

मलेरियाच्या सर्वेक्षणात मी काही वर्षं पहाटे गोठ्यागोठ्यांत टॉर्च आणि ॲस्पिरेटर (डास ओढून घ्यायची नळी) घेऊन डास पकडलेत, म्हणून सांगतो.

आधी अंगावरच्या खुणा बघायच्याच. ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस आणि फ्लुव्हिएटिलिस दोन्ही लहानखुरे, दोन्ही आपल्याकडे मलेरिया पसरवतात, पण पंखाची तिसरी शीर बघा, पहिल्याची बरीचशी काळी, दुसऱ्याची बरीचशी पांढुरकी. खवले झडले की ही खूण गेली, म्हणून डास चिमटीत धरायचा नाही.

खरी अडचण पुढे आहे. क्युलिसिफेसीस हे नाव एक, पण त्यात ए, बी, सी, डी, ई अशा पाच जाती निघाल्यात आणि डास कितीही वेळा उलटसुलट करून बघा, खात्रीने सांगता येत नाही. 1980 मध्ये ग्रीन आणि माइल्स यांनी क्रोमोसोमवरून (गुणसूत्रांवरून) ए आणि बी वेगळ्या काढल्या. त्यासाठी पोट अर्धं रक्ताने काळपट आणि अर्धं अंड्यांनी पांढरं झालेली मादी लागते. तिचा अंडाशय रंग देऊन काचपट्टीवर दाबला की जाडजूड, आडव्या पट्ट्यांचे क्रोमोसोम पसरतात. काही माद्यांत एका तुकड्यातल्या पट्ट्यांचा क्रम उलटा असतो. आता आईकडून सुलटा आणि बापाकडून उलटा क्रम आला असेल तर जोडी जुळताना तिथे वेटोळं पडतं, स्पष्ट दिसतं. एकाच गावात सुलट्याही माद्या आहेत, उलट्याही आहेत, पण वेटोळंवाली सापडतच नाही, म्हणजे त्यांचा आपसात संकर होत नाही, म्हणजेच जाती वेगळ्या. मला हा पुरावा अजूनही सगळ्यात सुंदर वाटतो.

आता पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या तपासणीने, काम सोपं झालंय, एक वाळका पाय पुरतो, नर आणि अळीसुद्धा चालते, क्रोमोसोमला मात्र तीच अर्ध्या पोटाची मादी हवी.

आणि एवढा खटाटोप कशाला, तर बी जात मुख्यतः गुरांचं रक्त पिते, मलेरिया फारसा पसरवत नाही, पण रामेश्वरम बेटावर सापडलेली ई माणसाला चावते आणि मलेरिया पसरवते. या दोघींच्या पट्ट्या सारख्याच, तिथे फरक सापडला तो त्यांच्या मुलग्यांच्या वाय क्रोमोसोमच्या आकारात. नुसते "क्युलिसिफेसीस इतके सापडले" असं वहीत लिहिलं तर कुठल्या गावाला खरा धोका आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही.

तुम्ही स्वतः डास गोळा करणार असाल तर प्रत्येक डास वेगळ्या ट्यूबमध्ये ओल शोषणाऱ्या सिलिका जेलवर कोरडा ठेवा, आणि कुठून, कधी, गोठ्यात की घरात पकडला हे तिथेच लिहा.